उतरलेल्या यानाचे दार लगेच का उघडत नाहीत?

कराडच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी अमेरिकेच्या शटल यानांच्या उतरण्याची जुनी चित्रीकरणे पाहिली, त्यात १४ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रथम उतरले तेव्हाचेही होते. यान थांबले तरी बराच वेळ कोणी बाहेर येत नाही. अंगभर बंद पोशाख घातलेली माणसे यानाभोवती फिरतात, एका गाडीवर प्रचंड पंखा दिसतो, शेपटीकडे जाड नळ्या जोडल्या जातात. एवढे झाल्यावर कप्तान जॉन यंग मात्र उघड्या तोंडाने खाली उतरून यानाच्या पोटाखाली हिंडू लागतो. हवा विषारी असेल तर यंग कसा हिंडतो आणि विषारी नसेल तर त्या पोशाखांचे कारण काय, असे त्यांचे विचारणे आहे.

मी अंतराळ क्षेत्रातला माणूस नाही. सांगली-तासगाव पट्ट्यातील बेदाण्याच्या शीतगृहांमध्ये अमोनियाच्या प्लांटवर मी २६ वर्षे काम केले आणि शटलविषयी मिळेल ते वाचत आलो. तरीही हे उत्तर मी हक्काने लिहितो आहे, कारण त्या पथकाचे पहिल्या तासातले काम आणि आमच्या प्लांटवरचे काम एकाच जातीचे आहे.

अंतराळवीरांच्या प्रकृतीचा भाग आधी बाजूला काढतो. वजनरहित अवस्थेतून आल्यावर तोल सावरायला वेळ लागतो आणि त्यांना तपासण्यासाठी डॉक्टर यानात जातात, हे खरे. पण दार बंद राहण्याचे मुख्य कारण ते नव्हे. मुख्य कारण असे की यान थांबते तेव्हा फक्त त्याची चाके थांबलेली असतात, त्याच्या आतले बरेच काही चालू असते. पंखांवरची पाती, चाके आणि ब्रेक यांना तेलाचा दाब पुरवणारी तीन छोटी यंत्रे शेपटीत असतात. ती हायड्राझिनवर चालतात आणि यान उभे राहिल्यावरही काही मिनिटे चालूच ठेवलेली असतात. नाकाकडच्या आणि शेपटीकडच्या छोट्या इंजिनांसाठी मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही जोडी असते. ही दोन द्रव्ये एकमेकांना नुसती भेटली तरी ठिणगीशिवाय पेट घेतात. मुख्य इंजिनांच्या नळ्यांत हायड्रोजन उरलेला असू शकतो. आणि या सगळ्यांत भर म्हणून आमचा अमोनियाही असतोच. शटलला अवकाशात थंड ठेवणारे पत्रे मालवाहू कप्प्याच्या दारांच्या आतल्या बाजूला बसवलेले असत आणि परतीच्या वेळी ती दारे बंद करावी लागत. त्यामुळे उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात व जमिनीवर आल्यावर अमोनियाची वाफ करून त्या वाफेच्या जोरावर यंत्रसामग्री थंड राखली जाई. ती वाफ बाहेर सोडलेली असते. सोबत नेलेला अमोनिया मोजका असल्यामुळे तो संपण्याच्या आत जमिनीवरची थंडाव्याची गाडी जोडणे भागच असे. तुम्हाला दिसलेल्या नळ्यांचे एक काम हे होते.

अमोनियाचा एक गुण मी नेहमी नव्या मुलांना सांगत असे: तो आधी ओरडतो, मग चावतो. हवेत दहा लाखांत पाच-दहा भाग झाला तरी बहुतेकांच्या नाकाला कळतो आणि कामाच्या जागी दिवसभरासाठी धरलेली त्याची मर्यादा २५ भागांची आहे. म्हणजे नाक वेळेत जागे होते. गळती नेमकी कुठे आहे हे पाहायचे तर आम्ही गंधकाची पेटवलेली कांडी सांध्याजवळून फिरवत असू. अमोनिया असेल तिथे पांढरा धूर दाटतो. हायड्राझिनचा वासही अमोनियासारखाच असतो, पण हिशेब उलटा आहे. त्याचा वास साधारण तीन-चार भागांना येतो आणि अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी त्याला सुचवलेली मर्यादा दहा लाखांत ०.०१ भाग इतकी आहे. वास आला याचा अर्थ मर्यादा केव्हाच, शेकडो पटींनी ओलांडली गेली. म्हणून तिथे नाकाच्या भरवशावर कोणी जात नाही. स्वतंत्र हवा पुरवणारा बंद पोशाख घालून आणि हातात वायुमापक धरूनच पहिली माणसे यानाजवळ जातात.

‘थांबले आहे ना, मग भीती कसली’ हा समज किती खोलवर असतो ते मी जवळून पाहिले आहे. एका शीतगृहात दुरुस्तीसाठी प्लांट संध्याकाळीच बंद केला होता. रात्री दोनच्या सुमारास हेल्परने पाना लावून एका फ्लँजचे, म्हणजे नळीच्या सांध्याचे, बोल्ट सैल केले. कॉम्प्रेसर सहा तास बंद होता, दाबाचा काटा खाली आलेला दिसत होता, म्हणून नळी रिकामी असणार असे त्याने धरले. पण त्या नळीचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केलेले होते आणि मधल्या हातभर तुकड्यात द्रव अमोनिया अडकून राहिला होता. काटा होता तो व्हॉल्व्हच्या पलीकडच्या भागाचा. चौथा बोल्ट ढिला होताच फस्सकन पांढरा झोत आला. मनगटापर्यंतचा हात भाजावा तसा गारठ्याने सोलून निघाला. शेजारीच पाण्याचा हौद होता म्हणून हात वाचला. डोळे वाचले ते केवळ तो कडेला उभा होता म्हणून. शिफ्टची जबाबदारी माझ्याकडे होती आणि ते दोन व्हॉल्व्ह तपासून घ्यायला मी सांगितले नव्हते, हे मी आजवर विसरलेलो नाही.

आता वाळवंटातल्या त्या पथकाकडे येऊ. यानाची वाट पाहणाऱ्या ताफ्यात सुमारे २५ विशेष गाड्या आणि दीडशेच्या आसपास प्रशिक्षित माणसे असत. यान थांबल्याबरोबर सगळा ताफा त्याच्याकडे धाव घेत नसे. सुमारे १२५० फुटांवर, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा आपल्याकडून यानाकडे वाहील अशा बाजूला, तो थांबवून ठेवत. तिथून पुढे फक्त पोशाखातली तुकडी जाई आणि हायड्रोजन, हायड्राझिन, नायट्रोजन टेट्रॉक्साइड, अमोनिया यांची मोजणी करी. चाकांच्या बाजूने जाताना वेगळी काळजी असे: मुख्य टायरमध्ये प्रति चौरस इंच सुमारे ३४० पौंड दाबाने नायट्रोजन भरलेला असे, म्हणजे आपल्या उसाच्या ट्रकच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्याला लागूनच तापलेले ब्रेक.

त्या मोठ्या पंख्याची गोष्ट सांगली जिल्ह्याच्या माणसाला विशेष आवडेल. तो पंखा अंतराळासाठी मुळात बनवलेलाच नव्हता. थंडीत फळबागांवर दहिवर गोठू नये म्हणून तिकडचे बागायतदार बागेत उभा करतात तो हा १४ फुटी पंखा. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात, त्याच कामाचा. त्याला गाडीवर चढवून, थोडा बदल करून, ताशी ४५ मैलांपर्यंत वेगाचा वारा हव्या त्या दिशेने मारता येईल असे केले होते. मोजणीत विषारी किंवा पेटणारा वायू सापडला तर तो यानापासून उडवून लावायचा, एवढेच त्याचे काम.

नळ्यांचे दुसरे काम म्हणजे यानाच्या पोकळ्यांत थंड व थोडी दमट हवा ढकलत राहणे, म्हणजे मालवाहू कप्प्यात व शेपटीत कोंडलेले वायू बाहेर निघून जातात. याच हवेने आणखी एक गोष्ट साधते. खाली येताना यानाच्या नाकाशी सुमारे १६५० अंश सेल्सिअस उष्णता असते. खापराचा तवा चुलीवरून उतरवल्यावरही बराच वेळ भाकरी करपवतो, त्याप्रमाणे बाहेरच्या उष्णतारोधक फरशांमध्ये साठलेली उष्णता यान उभे राहिल्यानंतर सावकाश आत झिरपत जाते आणि आतला ॲल्युमिनियमचा सांगाडा सर्वांत जास्त तापतो तो उतरून झाल्यावर. त्याची मर्यादा १७५ अंशांच्या आसपास धरलेली होती. हवा जोडायला उशीर करणे म्हणूनच परवडत नसे.

हवा ढकलणे आणि नायट्रोजन ढकलणे यांत मात्र जीवनमरणाचा फरक आहे. कोलंबियाच्या पहिल्याच उड्डाणापूर्वी, १९ मार्च १९८१ रोजी, फ्लोरिडात उड्डाणस्थळी सराव-चाचणी संपल्यावर काही कर्मचारी यानाच्या शेपटीच्या कप्प्यात शिरले. आग लागू नये म्हणून तो कप्पा नायट्रोजनने भरलेला होता आणि तो अजून बाहेर काढलेला नव्हता. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही; ती माणसे आत जाताच कोसळली. एकाचा त्याच दिवशी मृत्यू झाला, दुसरा पुढे दगावला. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांवर) काम केलेल्या जुन्या माणसांना यात काहीच नवल वाटणार नाही. पेव उघडल्यावर ते तसेच उघडे ठेवायचे, मग दोरीने कंदील खाली सोडायचा, आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा, ही त्यांची रीत होती. कुठलेही प्रयोगशाळेतले यंत्र नसताना ‘आत प्राणवायू आहे का’ हा नेमका प्रश्न त्या कंदिलाने विचारला जाई. (ही रीत जिथे पेटणारा वायू असू शकतो तिथे, उदाहरणार्थ गोबरगॅसच्या खड्ड्यावर, कोणीही वापरू नये, तिथे कंदील हीच ठिणगी ठरेल.)

एवढा खटाटोप खरोखर लागत होता का, असे वाटेल, तर ८ डिसेंबर १९८३ चे उदाहरण पाहा. कोलंबिया पुन्हा एकदा कॅलिफोर्नियाच्या त्याच वाळवंटातल्या एडवर्ड्स हवाई तळावर उतरले, आत सहा जण होते. उतरण्याच्या सुमारास शेपटीतल्या हायड्राझिनवर चालणाऱ्या तीनपैकी दोन यंत्रांमध्ये गळती होऊन आग लागली होती, आणि त्यांत स्फोटही झाले. बाहेरून यान शांत उभे दिसत होते. घडले काय हे नंतरच्या तपासणीत उघड झाले.

वाळवंटच का निवडले, हे तुमच्या प्रश्नात नव्हते, पण जमिनीवरच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. एडवर्ड्सची रॉजर्स ड्राय लेक म्हणजे ११० चौरस किलोमीटरहून मोठे कोरडे तळे. माण-खटावात उन्हाळ्यात आटलेल्या तलावाचे बूड डोळ्यांसमोर आणा, फक्त भेगाळलेले नव्हे, तर हिवाळ्यात पडलेले पाणी वाऱ्याने इकडून तिकडे फिरून गुळगुळीत झालेले आणि मग उन्हाने कडक झालेले. तेच पाणी वेळेवर आटले नाही तर तळे निरुपयोगी ठरते. १९८२ च्या मार्चमध्ये तसे झाले, आणि तिसऱ्या उड्डाणासाठी जमिनीवरची सामग्री मालगाड्यांनी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सला हलवावी लागली. तिथे वादळामुळे उतरणे एक दिवस लांबले, ३० मार्चला यान उतरले, आणि तिथली जिप्समची बारीक पांढरी धूळ यानाच्या फटीफटीत जाऊन बसली. ती साफ करण्याचा त्रास इतका झाला की शटल पुन्हा तिथे कधी उतरले नाही. एकूण १३३ वेळा शटल सुखरूप उतरले, त्यांपैकी ५४ वेळा एडवर्ड्सला आणि व्हाइट सँड्सला एकदाच.

धुळीइतकीच पावसाची भीती होती. उष्णतारोधक फरशांची संख्या चोवीस हजारांच्या घरात, आणि त्या आतून सच्छिद्र. त्यांत भरलेले पाणीरोधक रसायन खाली येताना जळून जाते. म्हणजे उतरलेले यान पाणी शोषायला टपलेले असते. फ्लोरिडाला परत नेताना ते खास बदललेल्या बोइंग ७४७ च्या पाठीवर बसवले जाई. ते बसवण्यासाठी पोलादी सांगाडा उभारलेला होता आणि तयारीला साधारण आठवडा जाई. वाटेत पावसाचा ढग टाळण्यासाठी पुढे एक वेगळे विमान हवा पाहत उडत असे.

आजही पद्धत बदललेली नाही, फक्त साधने बदलली. २ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीचे ड्रॅगन यान समुद्रात उतरले आणि बोटीवर घेतले गेले तेव्हा बाहेर नायट्रोजन टेट्रॉक्साइडची वाफ मोजमापात आढळली, म्हणून दोघा अंतराळवीरांना आत थांबवून ठेवले आणि ती निवळल्यावरच दार उघडले. १९७५ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघाच्या संयुक्त अपोलो-सोयुझ मोहिमेच्या परतीत हीच वाफ अमेरिकी यानाच्या आत शिरली होती आणि त्यातल्या तिघाही अंतराळवीरांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. आपल्याकडे इस्रोने पुष्पक हे पंखांचे यान चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर २०२३ आणि २०२४ मध्ये तीनदा उतरवून पाहिले. तुमच्या कराडवरून जाणारा महामार्गच पुढे चित्रदुर्गला पोहोचतो. त्या चाचण्यांमध्ये यान हेलिकॉप्टरमधून सोडलेले होते. पुढे ते कक्षेतून परत येऊ लागेल तेव्हा वायुमापक धरून उभे राहणाऱ्या माणसांची गरज तिथेही पडेल, आणि हे काम शिकलेली मुले आपल्या भागातून का जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

आता यंगविषयी. तो बाहेर आला तो यान थांबल्यानंतर सुमारे तासाभराने. तोवर पोशाखातल्या माणसांनी मोजणी करून आकडे कळवले होते, गाड्या जोडल्या गेल्या होत्या आणि बाकीच्यांना जवळ येण्याची परवानगी मिळाली होती. ते चित्रीकरण पुन्हा पाहा: यंग फरशा न्याहाळत, चाके पाहत फिरतो, तेव्हा त्याच्या आसपासची माणसेही बंद पोशाखात नाहीत. पोशाख आणि उघडे तोंड ही दोन दृश्ये एकाच हवेतली नव्हेत. त्यांच्यामध्ये ती मोजणी होऊन गेलेली आहे.