वाचकांचे प्रश्न : गिरणेच्या वाळूतली भोकं

प्रश्न : माझी लेक अमेरिकेत व्हर्जिनियात, चेसापीक उपसागराजवळ राहते. तिच्या शेजाऱ्यांना किनारा खचू नये म्हणून दगडी बांध घालायचा होता. तर म्हणे, आधी तिथल्या वाळूत एक दुर्मीळ भुंगेरा आहे का ते बघा! एका किड्यासाठी एवढं? आमच्या गिरणा नदीच्या वाळूतही बारीक भोकं दिसतात. ती हुमणीची असतील का? औषध टाकावं का?
– एक शेतकरी, ता. भडगाव

उत्तर : भाऊ, औषध अजिबात टाकू नका. हुमणी जमिनीत आत राहून मुळं खाते, ती असं उघड्या तोंडाचं भोक करून बसत नाही. भोक पेन्सिलीनं पाडल्यासारखं गोल असेल आणि तोंडाशी मातीचा ढीग नसेल, तर बहुधा आत वाघभुंगेऱ्याची, म्हणजे वाघासारखी शिकार करणाऱ्या भुंगेऱ्याची, अळी आहे. ती पिकाला तोंडसुद्धा लावत नाही. डोक्यानं भोकाचं तोंड बंद करून बसते आणि मुंगी जवळून गेली की झडप घालते. तिच्या पाठीवर उंचवटा असतो, त्यावर आकडे. ते भिंतीत रुतवून ठेवते, म्हणून शिकार तिला बाहेर ओढू शकत नाही.

माझी आजी गिरणेच्या वाळवंटात डांगराची वाडी करायची. राखणीला बसलो की मी या भोकांत गवताची काडी घालायचो. थोड्या वेळानं काडी हलायची, कारण अळी ती बाहेर ढकलायची. पुढे चौतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण हा जीव मला पुस्तकाच्या आधी त्या काडीनं दाखवला.

आता लेकीकडचा भुंगेरा. तोही वाघभुंगेराच, समुद्रकाठचा. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, पंख पांढुरके, वाळूत मिसळून जाणारे. मॅसॅच्युसेट्सपासून न्यू जर्सीपर्यंतच्या किनाऱ्यांवर एकेकाळी त्याचे थवेच्या थवे असत. पुढे तो मार्थाज व्हिनयार्ड बेटासारख्या मोजक्या जागी आणि चेसापीकच्या काठावरच उरला. 1990 साली अमेरिकेनं त्याला कायद्याचं संरक्षण दिलं.

तो संपत का आला, हे समजलं की बांधाची चौकशी का होते तेही समजेल. पूर्ण वाढलेला भुंगेरा उन्हाळ्यात काही आठवडे दिसतो आणि माणूस आला की उडून जातो. अळीला मात्र पळता येत नाही. भरतीच्या रेषेच्या आसपासच्या पट्ट्यात ती साधारण दोन वर्षं त्याच वाळूत काढते. वरून गाड्या गेल्या की भोकं दबतात, वाळूचा ओलावा बिघडतो. दगडी बांध घातला की पट्टाच जातो. म्हणून तिथं जपायची ती अळीची वाळू. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडजवळच्या मोनोमॉय अभयारण्यात 2000 पासून त्यांना पुन्हा वसवायला घेतलं, तेव्हाही नेल्या त्या अळ्याच.

आपल्या गिरणेतला भुंगेरा तो नव्हे. भारतात वाघभुंगेऱ्यांच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि तुमच्याकडे कुठली, ते फोटो पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पण अडचण तीच. आजीची वाडी होती तिथं मी मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. डंपरच्या चाकोऱ्या, माणूसभर खड्डे, तळाशी उघडे पडलेले गोटे. तासभर फिरलो, एक भोक दिसलं नाही. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तुमच्याकडे भोकं आहेत, म्हणजे तेवढी वाळू अजून शाबूत आहे. तेव्हा दोन कामं करा. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती गावातल्या जीवांची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ ठेवते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) ती वही मागा आणि या जागेची नोंद करून घ्या. वाळूघाटाचा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा ती नोंद हातात असू द्या.

आणि फोटो पाठवा. सकाळी, ऊन तापायच्या आत जा, भोकापासून दोन हात लांब बसा आणि हलू नका. पाच-दहा मिनिटांत अळीचं डोकं वर येईल. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे मला भोकाचं माप कळेल.