जव्हारचा राजवाडा: नाशिकहून एका दिवसात, सासूबाई आणि मुलांना घेऊन

ताई, तुम्ही विचारलंय की नुसता एक राजवाडा बघायला नाशिकहून ऐंशी किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला जाणं वर्थ आहे का, तेही सासूबाई आणि दोन लहान मुलं सोबत असताना. मी चार-पाच वेळा गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसता राजवाडा म्हणून जाऊ नका, आवार बघायला जा. जयविलास म्हणजे मुकणे राजघराण्याचा वाडा, टेकडीवर, दगडी बांधकाम, वर घुमट. आपण वाडा म्हटलं की चौक, ओसरी, लाकडी खांब डोळ्यासमोर येतात ना, तसं इथे काहीच नाही, बांधणी सगळी पाश्चात्य वळणाची. तसा वाडा बघायचा असेल तर चांदवडचा रंगमहाल बघा, अहिल्याबाईंच्या काळातली भित्तिचित्रं आणि लाकडावरचं कोरीवकाम आहे. पण जयविलासच्या भोवती जी काजूची झाडं आणि मोकळी जागा आहे ना, ती चांदवडला नाही मिळणार. आतून बघायला फार वेळ लागत नाही, आमची पोरं तेवढ्यात कंटाळली आणि मग झाडांखाली दोन तास हलली नाहीत! सासूबाईंसाठी एक सतरंजी आणि फोल्डिंगची खुर्ची डिकीत टाकाच.

एक मात्र करा, ही खाजगी मालमत्ता आहे, मध्येच शूटिंग वगैरेही असतं, त्यामुळे आदल्या दिवशी जव्हारमधल्या एखाद्या लॉजवाल्याला फोन करून चालू आहे का, तिकीट किती ते विचारून घ्या.

कधी जायचं? सगळे जुलै-ऑगस्टमध्ये पळतात. मीही एकदा ऑगस्टमध्ये गेलो, तोरंगण घाटात एवढं धुकं की पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात, आई मागे बसून रामरक्षा म्हणत होती. सप्टेंबर संपता संपता किंवा ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा मोखाड्यापासून खुरासणीची (कारळ्याची) शेतं पिवळी झालेली असतात, मध्ये नागली आणि वरई, आणि धबधब्यांनाही पाणी असतं. श्रावणी सोमवार पूर्ण टाळा, विशेषतः तिसरा, ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबकलाच अडकाल. सकाळी साडेसहाला निघा, पेट्रोल नाशिकमध्येच भरा.

मुलांना वाड्याआधी शिरपामाळ दाखवा. 1664 च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते आणि जव्हारच्या विक्रमशाह राजांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. जव्हारचं राज्य महादेव कोळी राजांचं, 1948 ला विलीन होईपर्यंत चाललं. शाळेत आपल्याला हे कुणी शिकवलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, आपल्या इतक्या जवळ आदिवासी राजांचं सहाशे वर्षांचं राज्य होतं आणि आपण ते फक्त 'थंड हवेचं ठिकाण' म्हणून ओळखतो.

दुपारनंतर हनुमान पॉइंट, मग सनसेट पॉइंट, हवा स्वच्छ असेल तर डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका दिसतो. पण सूर्यास्त पूर्ण बघत बसलात तर परतीचा घाट अंधारात येतो, म्हणून मुक्काम नसेल तर अर्धा तास आधीच उठा. दाभोसा धबधबा सुंदर आहे, सुमारे तीनशे फुटांचा, पण खाली उतरायच्या पायऱ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, त्यांना वरूनच दाखवा. आणि दाभोसा असो की तिकडचाच काळमांडवी धबधबा, मुलांना डोहात उतरू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. वरून शांत दिसतं पण खोली कळत नाही, तिथे माणसं बुडालेली आहेत.

जेवण जव्हारमध्ये साधंच मिळेल, कुठे नागलीची भाकरी दिसली तर नक्की घ्या. वारली चित्र घ्यायचं असेल तर काढणाऱ्याकडूनच घ्या आणि प्लीज भाव पाडू नका, एका चित्रामागे किती तास जातात ते मी शेजारी बसून बघितलंय.

सासूबाईंना गाडी लागते का तेवढं सांगा, लागत असेल तर मोखाड्याला अर्ध्या तासाचा ब्रेक धरून वेळापत्रक लिहून देतो.