'फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार' या जपानी मंगामधला, म्हणजे चित्रकथेतला, जागी इतका भेकड आहे, तरी त्याला जबरदस्त खलनायक का म्हणतात?

भेकड आहे म्हणूनच. त्याचा थोरला भाऊ राओ, तोही खलनायकच, त्याची धास्ती वाटते, पण तो समोर उभा राहून लढतो. जागीची किळस येते.

होकुतो शिनकेन या युद्धकलेचा वारसा धाकट्या भावाला, म्हणजे नायक केन्शिरोला मिळाला, हे जागीच्या पचनी पडत नाही. थोरल्यापेक्षा धाकटा सरस असूच शकत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ही कला शिकलेला हा माणूस वेळ आली की बंदूक काढतो, तोंडात लपवलेल्या सुया मारतो, पेट्रोल ओतून आग लावतो. पण सगळ्यात नीच काम म्हणजे छातीवर केन्शिरोसारखे सात व्रण करून घेऊन त्याच्या नावावर पापं करत फिरणं. रेई नावाच्या योद्ध्याच्या बहिणीला पळवतो हा, आणि रेई सूड घ्यायला शोधत असतो सात व्रणवाल्याला!

हे वाचताना माझं डोकं फिरलं, कारण आमच्या कराटे क्लासमध्ये असाच एक सीनियर होता. सरांनी ज्युनियर बॅच माझ्याकडे दिली आणि त्याचं बिनसलं. स्पारिंगला बोलावलं की याचा गुडघा दुखायचा. पालकांजवळ मात्र माझा ब्लॅक बेल्ट वशिल्याचा आहे म्हणून सांगायचा. पुढे शेजारच्या तालुक्यात त्याने स्वतःचा क्लास काढला. एसटी स्टँडसमोर त्याचा फ्लेक्स लागला होता, त्यावर काता, म्हणजे कराटेच्या ठरलेल्या हालचाली, करतानाचा फोटो माझा! चेहऱ्यावर क्लासचं बोधचिन्ह चिकटवलेलं, खाली नाव त्याचं. उजव्या बाहीची उसवलेली शिवण आईने निळ्या दोऱ्याने घातली होती, तो दोरा फ्लेक्सवर लख्ख दिसत होता. फोन केला तर म्हणतो, "मी तुला सीनियर आहे, नीट बोल." सरही म्हणाले, जाऊ दे, मोठा आहे तो.

त्यामुळे जागीचं पात्र उथळ आहे, हे मला अजिबात मान्य नाही. बुरॉन्सन आणि तेत्सुओ हारा यांनी १९८३ ते १९८८ या काळात ही मंगा केली, त्यात सगळ्यात खरा माणूस जागीच आहे. राओ कुणाला भेटतो हो? जागी प्रत्येक क्लासात सापडतो.

जागीवर नंतर वेगळी मंगाही आली, तिच्यात त्याची बाजू बरीच हळवी करून मांडली आहे. ती वाचून तुमचं मत बदलू शकतं, माझं नाही बदललं. आणि सगळेच सीनियर असे नसतात, मला पंच मारायला एका सीनियरनेच शिकवलं.

तुम्ही स्वतः कुठे शिकत असाल तर शिकवणारा ज्युनियरसमोर मॅटवर उतरतो का, ते आधी बघा. उतरत नसेल तर फी भरू नका. आणि कुणी "मोठा आहे, जाऊ दे" म्हणालं तर जाऊ देऊ नका. मी तो फ्लेक्स उतरवायला लावला, आणि सरांना आजही सांगतो की तेच बरोबर होतं.