एडिनबराहून एका दिवसात समुद्रकाठचं कोणतं गाव पाहून होईल?

नॉर्थ बेरिक. वेव्हर्ली स्टेशनवरून थेट ट्रेन आहे, साधारण अर्ध्या तासात पोचाल.

गाव छोटं आणि देखणं आहे, पण खरं आकर्षण समोरच्या समुद्रातला बास रॉक. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या खडकावर हजारो गॅनेट पक्षी राहतात. त्यांच्यामुळे आणि त्यांच्या विष्ठेमुळे अख्खा खडक लांबून पांढरा दिसतो. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ दोन मीटर भरणारा हा पक्षी उंचावरून पंख मिटून सरळ पाण्यात सूर मारतो, ते बोटीतून बघाच! 2022 च्या बर्ड फ्लूने संख्या बरीच घटली, तरी दृश्य आजही थक्क करणारं आहे. बोटीचं आधी बुकिंग करा. समुद्र खवळलेला असला की फेऱ्या रद्द होतात. मग बंदरावरच्या सीबर्ड सेंटरमध्ये कॅमेऱ्यांतून तेच पक्षी पाहता येतात.

वेळ उरला तर पूर्वेला पाचेक किलोमीटरवरचा टॅन्टॅलन किल्ला. चौदाव्या शतकातला, डग्लस घराण्याचा. तीन बाजूंना कडे असल्याने जमिनीकडच्या बाजूला तेवढी एक प्रचंड तांबूस भिंत उभारली. विजयदुर्ग पाहिलेल्यांना ही युक्ती लगेच कळेल.

बेरिक लॉ ही 187 मीटरची टेकडी दम असेल तरच चढा. जून असला तरी विंडचीटर हवाच.