कोटेशनच्या खालची ओळ

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचं मागच्या कामाचं बिल, दोन्ही पाहिलं. मसाला कंपनीच्या फोटोंचं काम आलंय, ‘सगळे राइट्स आमचे’ असं ते म्हणतात, तर कोटेशनमध्ये काय लिहू, असं विचारलंयस. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व हक्क छायाचित्रकाराकडे राखीव’ असं छापलंयस. माझ्या बिलबुकावरही हीच ओळ होती आणि तिच्या जोरावर मी एकदा वकिलांकडे गेलो होतो. एका गूळवाल्यासाठी, खोक्यावर छापायला म्हणून, गुऱ्हाळाचे फोटो काढले होते. वर्षभराने साताऱ्याच्या अलीकडे हायवेला तोच फोटो भल्यामोठ्या होर्डिंगवर! काहिलीवरची वाफ आणि तिच्यावर भडक पिवळी अक्षरं. गाडी कडेला घेऊन बघत बसलो. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तक उघडून माझ्यासमोर सरकवलं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७. फोटो काढणारा त्याचा कर्ता, हे कायदा मानतो. पण कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा. फ्रीलान्स लेखकाकडून लेख लिहून घेतला तर हक्क लेखकाचाच राहतो. फोटोचं मात्र उलटं. ही तरतूद इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यातून आली. त्यांनी १९८८ च्या कायद्यात ती सोडून दिली, आपण अजून सांभाळून ठेवलीय. म्हणून नेटवरून उतरवलेला अमेरिकी कराराचा नमुना इथे चालवू नकोस. तिथे फ्रीलान्सरचा हक्क आपोआप त्याचा असतो, आपल्याला तो आधी मागून घ्यावा लागतो. बिलावरची ती ओळ म्हणूनच उपयोगाची नाही: बिल जातं काम झाल्यावर. तोवर ‘वेगळं काही ठरण्या’ची वेळ टळलेली असते.

आता तुझी मसालेवाली मंडळी. ‘सगळे राइट्स आमचे’ असं ते म्हणाले म्हणून तू घाबरलीस. कायद्याची भाषा काढू नकोस, आधी विचार, ‘फोटो कुठे कुठे लागणार आहेत?’ पाकीट, वेबसाइट, इन्स्टाग्राम, फार तर दुकानातले स्टँड, एवढंच निघेल बघ. मग ‘सगळे’ कशाला? माझा अनुभव असा, की त्यांना भीती असते ती तोच मिसळीचा फोटो उद्या दुसऱ्या मसाल्याच्या पाकिटावर दिसण्याची. रास्तच आहे. ती भीती एका वाक्यात घालव: ‘हे फोटो अन्य कोणत्याही मसाला उत्पादकाला दिले जाणार नाहीत.’ निम्मी घासाघीस तिथेच संपते.

कोटेशनमध्ये शूटची फी आणि वापराची फी वेगळ्या ओळींत लिही. दोन्ही एकाच आकड्यात कोंबल्या की समोरचा कॅमेऱ्याचं आणि लाइटचं भाडं मोजतो, वापराला किंमत आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही. त्याखाली साध्या मराठीत:

‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. पूर्ण रक्कम मिळाल्यावर ग्राहकाला पाकीट, वेबसाइट व सोशल मीडियासाठी भारतात दोन वर्षे वापराचा परवाना मिळेल. होर्डिंग, टीव्ही व निर्यातीच्या पाकिटांसाठी वेगळी आकारणी.’

मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. म्हणून लिहायचंच. कामाचा मेल जाहिरात एजन्सीकडून आलाय म्हणतेस, तर परवाना कुणाच्या नावावर, एजन्सीच्या की मसाला कंपनीच्या, हेही विचारून घे. एजन्सी बदलली की पुढे यावरूनच भांडणं होतात.

आणि ते सगळेच हक्क हवेत म्हणून अडून बसले तर? द्यायचे की! का नाही द्यायचे? पाकिटावरच्या लाल तिखटाचा फोटो तू दुसऱ्या कुणाला विकणार आहेस? पण किंमत तशी घे. मी दोन वर्षांच्या वापराच्या निदान तिप्पट सांगतो. माझ्या पोर्टफोलिओत फोटो दाखवायची मुभाही मागून घेतो. कलम ५७ तरीही तुझ्याकडे उरतंच: कॉपीराइट दिला तरी फोटो तूच काढलास हे सांगण्याचा हक्क तुझा, आणि तुझ्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केली तर तक्रार करण्याचाही. तू स्वतःहून, कुणी न सांगता जे फोटो काढलेस त्यांना मात्र हात लावू देऊ नकोस. ते पहिल्यापासून तुझेच आहेत, आणि तुझ्या हयातीनंतरही साठ वर्षं तुझ्या माणसांचे.

फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणाले तर लगेच दोन ओळींचा मेल टाक, ‘आत्ताच्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. उलट ‘मान्य’ एवढं आलं तरी पुष्कळ झालं.

सोमवारी शूट आहे ना? मग शनिवार संध्याकाळपर्यंत ते ‘मान्य’ आलं पाहिजे. नाही आलं तर मला फोन कर, आणि तोवर लाइटवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस.