दहिसरचं बैठं घर घ्यावं का?

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचा मिळकत पत्रिकेचा (जागेच्या क्षेत्राचा आणि मालकाचा सरकारी कागद) फोटो मिळाला. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही ४६ वर्षांच्या, यजमान ४९. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना २ लाख १० हजार. बोरिवली पूर्वेला कर्ज फिटलेला वन बीएचके, त्याचे साधारण १ कोटी १० लाख येतील. ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून ५५ लाख. मुलगी अकरावीला. दहिसरला, नदीपासून फार लांब नाही अशा एका गल्लीत, ५०० चौरस फुटांचं कौलारू घर विकायचं आहे. भोवती 'सत्तावीसशे फूट' जागा, मागे फणसाचं झाड. मागणी २ कोटी ४० लाख. सासूबाईंना तिसरा मजला चढवत नाही. एजंट म्हणतो, "पैसे जागेचे आहेत हो, उद्या पाच मजले उभे राहतील."

सासूबाईंचे गुडघे आणि तुमचं अंगण, ही दोन्ही कारणं खरी आहेत. पण एजंटचं वाक्य खरं नाही, आणि २ कोटी ४० लाखांचा आकडा त्याच वाक्यावर उभा आहे.

मुंबईत जमिनीची किंमत तिच्यावर किती बांधता येतं यावर ठरते, आणि ते बऱ्याच अंशी ठरवतो समोरचा रस्ता. पालिकेच्या २०३४ च्या विकास नियमावलीत उपनगरातला मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १ आहे. त्यावर प्रीमियम भरून मिळणारा किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) आणून वाढवायचा एफएसआय हवा असेल, तर रस्ता निदान ९ मीटर लागतो. तुम्हीच लिहिलंय की रिक्षा आत जाते, पण समोरून दुसरी आली की एकीला मागे जावं लागतं. म्हणजे ही गल्ली ९ मीटरच्या जवळपासही नाही. तिथे बांधकाम प्लॉटच्या क्षेत्राच्या फार वर जाणार नाही, आणि छोट्या प्लॉटवर चारी बाजूंना मोकळी जागा सोडून तेवढंही बसवणं जिकिरीचं. मागे फणस आहे, तो पालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. पाच मजल्यांचा भाव देऊ नका.

आता तो फोटो. पत्रिकेवर क्षेत्र २२८.४ चौरस मीटर दिसतंय. त्याला १०.७६४ ने गुणा, २४५८ चौरस फूट येतात. सत्तावीसशेतले २४२ फूट गेले कुठे? बहुधा कुंपणाच्या आत आहेत, पण कागदावर नाहीत. मागणीच्या दराने हिशेब केला तर साडेएकवीस लाख तुम्ही कुणाच्या तरी, कदाचित पालिकेच्या, जागेसाठी मोजणार आहात. नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि पालिकेचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात या जागेवर काय दाखवलंय त्याचा दाखला, काढा. गल्ली आराखड्यात रुंद दाखवली असेल, तर पुढचा पट्टाही त्यात जाईल.

पत्रिकेवर नाव अजून विकणाऱ्यांच्या वडिलांचं आहे. दोघे भाऊ सही करतील, "बहीण लग्न होऊन पालघरला गेली, तिचा संबंध नाही," असं तुम्हाला सांगितलंय. संबंध आहे, अगदी भावांइतकाच. तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय टोकनही देऊ नका. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, यावर कंजुषी नको. मागच्या खोलीतले भाडेकरू काका "जातील हो" म्हणे. भाडे नियंत्रण कायदा त्यांच्या बाजूने असू शकतो. ते खोली रिकामी करून लिहून देतील, त्यानंतरच खरेदीखत.

पैशांचा हिशेब मात्र मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतोय. स्टॅम्प ड्यूटी ६ टक्के, म्हणजे १४ लाख ४० हजार. खरेदी तुमच्या एकटीच्या नावावर झाली तर महिलांची १ टक्का सवलत धरून १२ लाख. नोंदणीचे ३० हजार वेगळे. कौलं, वासे, वायरिंग, गटाराची लाईन यांना मी १५ लाख धरतो. एकूण २ कोटी ७० लाखांच्या घरात. फ्लॅटचे १ कोटी १० लाख आणि १ कोटी कर्ज वजा केलं तरी ६० लाख कमी पडतात, आणि तुमच्याकडे आहेत ५५. म्हणजे मुलीच्या कॉलेजच्या तोंडावर घरात एक पैसा शिल्लक नाही.

यजमान ६० ला निवृत्त होणार. ११ वर्षांत, साडेआठ टक्क्यांनी, १ कोटीचा हप्ता महिना सुमारे १ लाख १७ हजार बसतो. निम्म्याहून जास्त पगार. वीस वर्षांचा घेतलात तर ८६,८०० च्या आसपास, पण शेवटची नऊ वर्षं तो पेन्शनीतून जाणार. शिवाय बँक १ कोटी देईलच असं धरू नका. जुन्या बांधकामाचं उरलेलं आयुष्य आणि अशा गल्लीतले कागद बघून बऱ्याच बँका मागे सरतात. आधी मंजुरीपत्र हातात घ्या. त्याआधी बोरिवलीचा फ्लॅट विकायला काढू नका, नाहीतर घर गेलेलं आणि व्यवहार लटकलेला अशी वेळ येईल.

माझं मत स्पष्ट सांगतो. या किमतीला घेऊ नका. बहिणीची सही झाली, काका स्वखुशीने गेले, मोजणी जुळली, तर राहण्याचं घर म्हणून, २४५८ फुटांवर, १ कोटी ८० लाखांपर्यंत बोला. तेव्हा ड्यूटी आणि दुरुस्ती धरून २ कोटी ६ लाखांच्या आसपास बसतं. कर्ज ८५ लाखांवर थांबवलं तर ११ वर्षांचा हप्ता लाखाच्या आत राहतो आणि ठेवीतले साधारण ४४ लाख वाचतात. ते मुलीचे. विकणारे ऐकले नाहीत, तर सासूबाईंसाठी लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहा आणि स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्या. फरकाचे पैसे लागतील, पण झोप लागेल.

येत्या शनिवारी दोघे मिळून तिथे जा. टेप घेऊन गल्ली तीन ठिकाणी मोजा, विजेच्या खांबापाशी नक्की. मग शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते हात भिंतीवर ठेवून दाखवतील. त्या खुणेची उंची मला कळवा.