नोबिलिस की नोबिले?

प्रश्न: एका ऑर्किडचं नाव 'डेंड्रोबियम नोबिले' वाचलं आणि लॉरेलच्या झाडाचं 'लॉरस नोबिलिस', मग यातली एक छापायची चूक आहे का? आणि या शब्दाचा अर्थ उदात्तच ना?

उत्तर: चूक नाहीये, दोन्ही बरोबर आहेत. डेंड्रोबियम नपुंसकलिंगी म्हणून नोबिले, आणि लॉरस दिसायला पुल्लिंगी वाटला तरी लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी असतात, पण इथे त्याने फरक पडत नाही कारण पुल्लिंग-स्त्रीलिंग दोन्हीला नोबिलिसच चालतं. आपल्या चांगला-चांगली-चांगलं सारखी तीन रूपं 'बोनुस, बोना, बोनुम' ची होतात, याची दोनच. म्हणून डिक्शनरीत 'नोबिलिस, ए' असं दिलेलं असतं, तो 'ए' म्हणजे नपुंसकलिंगाचं रूप, षष्ठी नव्हे, नवीन शिकणारे हमखास इथेच अडकतात. षष्ठी एकवचन परत नोबिलिसच, अनेकवचन नोबिलिउम.

आता अर्थ, आणि मला खरी गंमत इथे वाटते. उदात्त हा नंतरचा अर्थ हो, मूळ धातू 'ग्नो', जाणणे, म्हणजे आपल्या 'ज्ञा' चा सख्खा भाऊच! नोबिलिस म्हणजे ओळखता येण्याजोगा, माहितीतला. सुरुवातीचा ग पुढे गळून गेला पण उलट अर्थाच्या 'इग्नोबिलिस' मध्ये तो अजून टिकून आहे बघा. मी तर मराठीत 'नावाजलेला' असंच करते, कारण रोममध्ये ज्यांच्या घराण्यात आधी कोणी कॉन्सुल, म्हणजे रोमचा निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी, होऊन गेलेलं असायचं ते 'नोबिलेस', म्हणजे घराण्याचं नाव लोकांना ठाऊक असलेले, आणि प्रसिद्ध वक्ता सिसेरो इ.स.पू. 63 मध्ये कॉन्सुल झाला तरी आधी घरात कोणीच नव्हतं म्हणून तो 'नोवुस होमो', नवा माणूस.

आणि नावाजलेला म्हणजे सज्जनच असंही नाही. इ.स.पू. 186 च्या बाकानालिया प्रकरणात, म्हणजे बाकुस देवाच्या गुप्त उत्सवांवर रोमने केलेल्या कारवाईत, हिस्पाला नावाची एक बाई येते, तिला लिवी हा इतिहासकार 'स्कॉर्टुम नोबिले' म्हणतो, म्हणजे नावाजलेली वेश्या. इथे उदात्त लावून बघा, वाक्यच बिघडतं. शिवाय बाई असूनही नोबिले, कारण विशेषण तिच्या मागे जात नाही, 'स्कॉर्टुम' या नपुंसकलिंगी शब्दामागे जातं, अगदी तुमच्या ऑर्किडसारखंच.